हमीचे तास: एका छोट्या मालवाहू विमान कंपनीतली पगारकपात

हे प्रकरण भारतातल्या एका छोट्या मालवाहू विमान कंपनीतलं आहे. कंपनी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून विमानांची संख्या, तळ, महिने आणि गावं बदलली आहेत, पगाराचे आकडे गोल केले आहेत. आकड्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण मात्र जवळपास तेच ठेवलं आहे, कारण सगळी मेख तिथेच आहे. दोन मुख्य व्यक्तींना इथे ‘कॅप्टन’ आणि ‘एफओ’ म्हटलं आहे. एफओ म्हणजे फर्स्ट ऑफिसर, सहवैमानिक.

पार्श्वभूमी

देशांतर्गत हवाई मालाचा मोठा वाटा प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. वर माणसं, खाली पार्सलं. त्यामुळे फक्त माल वाहणाऱ्या कंपनीच्या वाट्याला उरलंसुरलं येतं: जे प्रवासी विमानात मावलं नाही, किंवा ज्याला रात्रीचीच वेळ हवी. डेक्कन ३६० ही कंपनी २००९ मध्ये सुरू झाली आणि २०११ मध्ये थांबली. आर्यन कार्गो एक्सप्रेस त्याच सुमारास आली आणि गेली. फ्लायिंग्टन फ्रेटर्सनं मोठी नवी विमानं मागवली, पण एकही उड्डाण झालं नाही. ब्लू डार्ट टिकली, कारण विमानही त्यांचं आणि पार्सलही त्यांचंच.

२०२० च्या टाळेबंदीत चित्र पालटलं. २५ मार्चपासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानं जमिनीवर होती, मालवाहतूक चालू होती. प्रवासी कंपन्यांत वैमानिकांचे पगार कापले जात असताना मालवाल्यांना हवे ते दर मिळत होते. या प्रकरणातली कंपनी त्याच काळात वाढली. भाड्यानं घेतलेली चार विमानं, चाळीसच्या आसपास वैमानिक, आणि रात्री दहानंतर जागं होणारं मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद, कोलकाता असं जाळं. मोठी गिऱ्हाईकं दोनच: एक कुरिअर कंपनी आणि एक ऑनलाइन विक्री करणारी कंपनी. विमानाचं भाडं डॉलरमध्ये जायचं, मालाचे पैसे रुपयांत यायचे. विमानाचं इंधन जीएसटीत नाही, त्यामुळे त्यावरच्या व्हॅटची वजावटही मिळत नाही. एक गिऱ्हाईक हललं की घर हलणार, हे हिशेब ठेवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वैमानिकांना ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी विचारलंही नव्हतं.

कॅप्टन चव्वेचाळीस वर्षांचे. घर ठाण्याला. आधी एका प्रवासी कंपनीत होते, ती बंद पडली आणि तिथले शेवटचे काही पगार बुडाले. तेव्हापासून त्यांना सवय लागली होती: दर महिन्याचं पगारपत्रक छापून फाइलला लावायचं, आणि उडालेले तास स्वतःच्या डायरीत वेगळे लिहायचे.

एफओ सत्तावीस वर्षांची, सांगली जिल्ह्यातली. वडील माध्यमिक शाळेत शिक्षक. विमानचालनाचं प्रशिक्षण आणि त्या विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग (ते विमान उडवण्याची पात्रता) यासाठी पंचेचाळीस लाखांचं कर्ज, राहतं घर तारण. हप्ता महिन्याला ६२,००० रुपये. शिवाय कंपनीशी तीन वर्षांचा बाँड, म्हणजे तेवढा काळ नोकरी न सोडण्याचा करार, आणि त्यापोटी सही करून दिलेले चेक.

आता पगाराची रचना, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कॅप्टनचा स्थिर पगार १,६०,००० रुपये. त्यावर उड्डाणभत्ता, तासाला ५,००० रुपये, महिन्याला किमान ७० तासांची हमी. म्हणजे पन्नासच तास उडाले तरी सत्तरचे ३,५०,००० मिळणार. एकूण ५,१०,०००. एफओचा स्थिर पगार ७०,०००, तासाला १,८००, हमी तीच. एकूण १,९६,०००. घरचे, बँकवाले, सासरचे ज्याला पगार म्हणतात त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग असा हमीच्या तासांवर टेकलेला होता.

काय झालं

२०२३ च्या मार्चमध्ये ऑनलाइन विक्रीवाल्या गिऱ्हाइकानं रात्रीच्या फेऱ्या निम्म्यावर आणल्या. प्रवासी विमानं पूर्ण ताकदीनं परतली होती, त्यांच्या पोटातली जागा स्वस्त झाली होती. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या वैमानिकांना मेल आला. विषय होता ‘कामकाजाचं सुसूत्रीकरण’. मजकूर गोड होता: कुणाचीही नोकरी जाणार नाही, पगारात कपात नाही, तासाचा दरही तोच राहील. फक्त १ जूनपासून किमान हमी ७० ऐवजी ४० तास, आणि उड्डाणभत्त्याचा २० टक्के भाग ‘परिस्थिती सुधारेपर्यंत’ राखून ठेवला जाईल.

कॅप्टननी डायरीतच बेरीज मांडली. ५,१०,००० चे ३,६०,००० झाले होते. त्यातले ४०,००० राखून ठेवले की हाती येणार ३,२०,०००, तेही कर कापण्याआधी. एफओचे १,९६,००० चे १,४२,००० झाले आणि हातात १,२७,६००. निम्मा हप्त्यातच जाणार. ‘कपात नाही’ हे वाक्य कागदावर खरं होतं, आणि तेच त्याचं सगळ्यात वाईट अंग होतं.

दुसऱ्या दिवशी क्रूच्या अ‍ॅपवर नवं रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, आलं. ते उघडायला आधी ‘सुधारित अटी मान्य’ हे बटण दाबावं लागत होतं. इथे पहिला निर्णय घ्यायचा होता, आणि तो घ्यायला प्रत्येकाकडे जेमतेम मिनिटभर होतं. एफओला त्या रात्री ड्यूटी होती.

“सर, मी दाबलं बटण. रिपोर्टिंग किती वाजता तेच कळत नव्हतं.”

“अगं, पण खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचलंस का?”

तिनं वाचलं नव्हतं. चाळीसपैकी बहुतेकांनी वाचलं नव्हतं. कॅप्टननीही बटण दाबलं, पण त्याआधी पडद्याचा फोटो काढला आणि ऑपरेशन्स व एचआर दोघांना दोन ओळींचा मेल टाकला: रोस्टर पाहता यावं एवढ्यासाठीच हे बटण दाबत आहे, वेतनाच्या अटींतल्या बदलाला माझी संमती नाही. पुढे वर्षभरात वकिलांनी, कंपनीनं आणि कामगार अधिकाऱ्यांनी जी कागदपत्रं पाहिली त्यांत या दोन ओळींचं वजन सर्वांत जास्त भरलं.

बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य होतं, त्याकडे कॅप्टनचंही लक्ष गेलं नाही. किमान हमी ‘महिनाभर ड्यूटीसाठी उपलब्ध असलेल्या’ वैमानिकांनाच लागू होती.

कोणते पर्याय होते

जूनमध्ये मरोळच्या एका उडुप्याकडे दहा-बाराजण भेटले. बाकीचे घाबरून आले नाहीत, काही ड्यूटीवर होते. त्या बैठकीत जे पर्याय निघाले ते साधारण असे.

गप्प राहून दिवाळीपर्यंत वाट पाहायची, हे सर्वांत सोपं. सणाच्या हंगामात माल वाढतो, तास आपोआप वाढतील. बासष्ट वर्षांचे एक ज्येष्ठ कॅप्टन उघडच म्हणाले, “मला पासष्टला थांबायचंच आहे. या वयात मला कोण घेणार? मी बसतो.” त्यांच्यापुरतं ते अगदी बरोबर होतं.

राजीनामा देऊन दुसरीकडे जायचं. इथे नोटिशीचा अडसर. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था, हिच्या २०१७ च्या नियमानुसार कमांडरला (कॅप्टनला) एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कंपनीनं ना-हरकत प्रमाणपत्र दिलं तर आधी सुटता येतं. नोटिशीच्या काळात कंपनीनं पगार किंवा सवलती कापल्या, अटी वैमानिकाच्या तोट्याच्या केल्या, तर मुदतीआधी सुटका मागण्याची मुभाही त्याच नियमात आहे. बैठकीत हे कुणाला माहीत नव्हतं. सगळ्यांना ‘एक वर्ष’ एवढंच पाठ होतं.

नोटीस न देता निघून जायचं. या वाटेनं पुढे काय होतं ते त्याच वर्षी, म्हणजे २०२३ च्या सप्टेंबरात, सगळ्यांना दिसलं. अकासा एअरमधून त्रेचाळीस वैमानिक नोटीस न देता गेले आणि कंपनी थेट उच्च न्यायालयात गेली. जूनमध्ये हा दाखला नव्हता, तरी कॅप्टननी तो पर्याय बाजूला सारला.

सामूहिक आजारपण. काही तरुणांचा कल इकडे होता. २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी ते केलं होतं, ही आठवण निघाली. पण हवाईमार्गे माणसंच नव्हे, माल वाहणंही औद्योगिक विवाद कायद्यात ‘सार्वजनिक उपयोगी सेवा’ होतं, आणि तिथे संपाआधी किमान चौदा दिवसांची नोटीस लागायची. शिवाय दोनच गिऱ्हाइकं असलेल्या कंपनीची एका रात्रीची उड्डाणं बंद पाडली तर उरलेलं गिऱ्हाईकही जाणार. हे सगळ्यांना पटलं.

कामगार आयुक्तांकडे जायचं. वेतन बदलायचं तर औद्योगिक विवाद कायद्याच्याच कलम ९अ नुसार एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागायची, आणि ती इथे दिली नव्हती. पण हे कलम ‘कामगारां’ना लागू, आणि वैमानिक कामगार की अधिकारी यावर वाद होता. खोलीतल्या निम्म्या लोकांना हा शब्दच बोचला. “आपण काय गिरणीत आहोत का?” असं एकजण म्हणाला. या मानापमानात बराच वेळ गेला, आणि मला विचाराल तर पैसेही तिथेच गेले.

दिवाळखोरीचा अर्ज हा पर्याय कुणी गंभीरपणे मांडला नाही. असा अर्ज करायला लागणारी थकबाकीची एक कोटीची मर्यादा तेव्हा कुठेच दृष्टिपथात नव्हती. आणि २ मे रोजी गो फर्स्ट या प्रवासी विमान कंपनीनं स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केल्याची बातमी ताजी होती. तिथले वैमानिक नोकऱ्या शोधत फिरत होते.

काय केलं

ठरलं ते असं: कंपनीला एकत्रित पत्र द्यायचं, आधी बोलायचं, कामगार आयुक्तांचं नाव हाती राखून ठेवायचं. पत्र तीन कॅप्टननी बसून लिहिलं. मागण्या चार: हमी पुन्हा वाढवा, कपातीला शेवटची तारीख घाला, राखून ठेवलेले पैसे कधी देणार ते लिहून द्या, आणि पगारातून कापलेला कर वेळेवर भरा.

जुलैत बैठक झाली. कंपनीच्या वित्तप्रमुखांनी लॅपटॉप फिरवून आकडे दाखवले: विमानांचं भाडं, इंधन, निम्म्यावर आलेल्या फेऱ्या. कॅप्टन आजही म्हणतात की त्या माणसानं खोटं काही सांगितलं नाही. दोन तासांनी तडजोड झाली. कॅप्टनांची हमी ५५ तास. सहवैमानिकांची ४० च राहील, ‘पुढच्या तिमाहीत बघू’. राखीव रक्कम दिवाळीनंतर. बदल्यात कामगार आयुक्तांकडे जायचं नाही. यातली ५५ तासांची गोष्ट मेलवर आली. बाकी सगळं तोंडी.

दुसरा निर्णयबिंदू हा. चहापाणी होऊन सगळे उठले तेव्हा कॅप्टनांच्या पगारात महिन्याला ७५,००० परत आले होते, आणि सहवैमानिकांच्या खिशात काहीच नाही. वाटाघाटीला एकही सहवैमानिक नव्हता. कुणी मुद्दाम डावललं असं नाही. पत्र लिहिणारे कॅप्टन होते, म्हणून बोलायला कॅप्टन गेले, आणि बोलताना प्रत्येकाला आपलाच घरखर्च आठवला.

खऱ्या फटक्याची सुरुवात सप्टेंबरात झाली, तीही पगाराच्या बाजूनं नाही. वैमानिकाला दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर प्रावीण्य चाचणी द्यावी लागते. बोलीभाषेत नुसतं ‘चेक’. शिवाय नव्वद दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली नाहीत तर सरावाची अट तुटते. सिम्युलेटरचा वेळ विकत घ्यावा लागतो आणि तो महाग असतो. कंपनीनं खर्च वाचवायला चाचण्या पुढे ढकलल्या. आधी कॅप्टनांच्या उरकल्या, कारण कॅप्टनशिवाय विमान हलत नाही. एफओची चाचणी ‘पुढच्या महिन्यात’ करत करत ऑक्टोबरच्या मध्यावर तिची मुदत संपली.

चाचणी नाही म्हणजे उड्डाण नाही. उड्डाण नाही म्हणजे ती ‘उपलब्ध’ नाही. उपलब्ध नाही म्हणजे चाळीस तासांची हमीही नाही. नोव्हेंबरच्या पगारपत्रकात उड्डाणभत्त्याच्या रकान्यात शून्य होतं आणि स्थिर पगार ७०,०००. भविष्यनिर्वाह निधी आणि कर वजा जाता हप्त्यालाही पुरेना. तिनं एचआरला फोन केला तेव्हा तिला मे महिन्यात बटण दाबून मान्य केलेल्या अटींमधलं ते वाक्य वाचून दाखवण्यात आलं, आणि वर सांगण्यात आलं, “तुम्ही मान्य केलंय ना मॅडम.”

गंमत म्हणायची तर अशी की याच सुमारास दिवाळीचा माल धो धो येत होता. कंपनीकडे कॅप्टन होते, चालू चाचणीचे सहवैमानिक कमी पडत होते. उजव्या सीटवर बसायची पात्रता असलेल्या कॅप्टनांना तिथे बसवून काही फेऱ्या भागवल्या, काही जादा फेऱ्या नाकाराव्या लागल्या. सिम्युलेटरवर वाचवलेले पैसे तिथे गेले, असं त्याच वित्तप्रमुखांनी नंतर एकाजवळ कबूल केलं.

डिसेंबरात एक विमान मालकाला परत गेलं. डिसेंबरचा पगार जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला. कॅप्टननी २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता, तपासला तर ऑक्टोबरच्या आधीच्या तिमाहीत पगारातून कापलेला कर खात्यावर जमा दिसत नव्हता. आधीची कंपनी बुडताना त्यांनी हेच पाहिलं होतं. त्याच रात्री त्यांनी राजीनामा पाठवला, एका वर्षाच्या नोटिशीसह.

फेब्रुवारी आणि मार्चचे पगारही उशिरा आले. एप्रिलमध्ये त्यांनी डीजीसीएच्या नियमाचा आधार घेऊन मुदतीआधी सुटका मागितली. नोटिशीच्या काळात वेतनाच्या अटी बिघडल्या आहेत, हा मुद्दा मांडला आणि सोबत पगाराच्या तारखांचा तक्ता व मे महिन्यातला तो दोन ओळींचा मेल जोडला. दरम्यान एका प्रवासी कंपनीनं त्यांना जूनमध्ये रुजू व्हायला सांगितलं होतं.

कंपनी नाही म्हणाली नाही. एक कागद पुढे केला: ना-हरकत प्रमाणपत्र लगेच देतो, राखून ठेवलेल्या रकमेवरचा हक्क सोडा. हा तिसरा निर्णयबिंदू. जून-जुलैचे ८०,००० आणि ऑगस्ट ते एप्रिलचे दरमहा ५५,००० मिळून रक्कम पावणेसहा लाख झाली होती. वकील म्हणाले, भांडलात तर जिंकाल, पण जून हातचा जाईल. कॅप्टननी दोन दिवस घेतले आणि सही केली. जुन्या कंपनीतले पैसे अजून यायचे होते, त्यामुळे जिंकणं आणि पैसे मिळणं यातलं अंतर त्यांना ठाऊक होतं.

एफओनं वेगळी वाट धरली, आणि ती धरताना बैठकीतला मानापमान बाजूला ठेवला. नुसत्या वेतनाच्या वादात एकट्या माणसाची तक्रार टिकत नाही, मागे बऱ्यापैकी संख्या लागते. तिनं चाचणी संपलेले आणखी सहा सहवैमानिक जमवले आणि जानेवारीत केंद्रीय कामगार आयुक्तांच्या मुंबईतल्या कार्यालयात सातजणांच्या सहीचा अर्ज दिला. हवाई वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत येते, त्यामुळे राज्याच्या कामगार कार्यालयात चकरा मारून उपयोग नव्हता. मागणी तिनं फार शहाणपणानं लिहिली. थकलेला भत्ता शेवटी. आधी तीन गोष्टी: बाँडचे चेक परत, नोटीस माफ, आणि उड्डाणतासांचं प्रमाणित पत्र व प्रशिक्षणाची फाइल हातात. या फायलीशिवाय दुसरी कंपनी दारात उभी करत नाही.

कंपनीनं पहिल्याच तारखेला सांगितलं की वैमानिक कामगार नाहीत. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि पुढची तारीख दिली. तडजोडीचं काम चालू असताना वादाशी संबंधित अटी मालकाला परस्पर बदलता येत नाहीत, आणि कंपनीला तर त्याच वेळी आणखी कपात करायची होती. तिसऱ्या तारखेला, मार्चमध्ये, कंपनी पहिल्या तिन्ही मागण्यांना तयार झाली. भत्त्याचा विषय लोंबकळत राहिला.

निकाल

कॅप्टन जूनमध्ये प्रवासी कंपनीत गेले. पावणेसहा लाख गेले ते गेलेच. न भरलेल्या कराची मागणी पुढे त्यांच्याच नावावर आली, तेव्हा आयकर कायद्याचं कलम २०५ कामी आलं. पगारातून कर कापला गेला असेल तर तोच कर पुन्हा कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. छापून ठेवलेली पगारपत्रकं इथे पुरावा ठरली.

एफओनं एप्रिलमध्ये स्वतःच्या खर्चानं सिम्युलेटरवर चाचणी दिली. त्यासाठी वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले. सप्टेंबरात तिला नोकरी लागली. मधले जवळजवळ अकरा महिने ती उडाली नव्हती, आणि नव्या कंपनीत तिचा क्रमांक तिच्याहून कमी तास असलेल्यांच्या खाली लागला. हे नुकसान कुठल्याच पगारपत्रकात दिसत नाही.

सर्वांत फायद्यात राहिले ते बसून राहिलेले बासष्टचे कॅप्टन. कंपनी बंद पडली नाही. नवा गुंतवणूकदार आला, दोन विमानं उरली, वैमानिक निम्मे झाले. जे राहिले त्यांना राखीव रकमेतला बराच भाग वर्षभरानं मिळाला. गप्प बसणं प्रत्येकासाठी चूक होतं असं हे प्रकरण सांगत नाही. ज्यांच्यापुढे उडण्याची तीनच वर्षं होती त्यांचं गणित आणि जिच्यापुढे अडतीस होती तिचं गणित एकाच पत्रात बसवायला गेलं, तिथे घोळ झाला.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं म्हणजे मागण्यांचा क्रम. जुलैच्या बैठकीत सगळं बोलणं पैशांवर झालं. सिम्युलेटरच्या चाचण्या कुणाच्याही चुकणार नाहीत, आणि कंपनीमुळे चाचणी चुकली तर वैमानिक ‘उपलब्ध’च धरला जाईल, ही एक ओळ लिहून घेतली असती तर एफओचं वर्ष वाचलं असतं. कंपनीलाही ती देणं जड नव्हतं. संकटातली कंपनी रोख रक्कम द्यायला कचरते, कागदावरच्या हमीला तेवढी कचरत नाही. म्हणून अशा वेळी चालू चाचणी, बाँडमधून सुटका, ठरलेल्या तारखेचं ना-हरकत प्रमाणपत्र या गोष्टी आधी मागाव्यात. त्या घेऊन वैमानिक दुसरीकडे पगार मिळवू शकतो. वाढलेले पंधरा तास कंपनी बुडाली की संपतात.

दुसरं, नोटिशीचं घड्याळ. कॅप्टननी राजीनामा जानेवारीत दिला, कपातीला आठ महिने होत आल्यावर. जूनमध्येच दिला असता तर जुलैची तडजोड नोटिशीच्या काळात झाली असती आणि लवकर सुटकेचा मुद्दा तिथेच टेबलावर आला असता. याला दुसरी बाजू आहे: राजीनामा दिलेल्या माणसाला वाटाघाटीत कोण विचारतं? कॅप्टनचं स्वतःचं मत आजही जानेवारीच बरोबर असं आहे. मला जून बरोबर वाटतो, निदान ज्याचं टाइप रेटिंग बाजारात चालतं त्याच्यासाठी.

तिसरं, ‘कामगार’ या शब्दाची लाज. कपात लागू होण्याआधी, मे महिन्यातच कलम ९अ चा मुद्दा लेखी उपस्थित झाला असता तर एकवीस दिवस तरी हाती आले असते. त्यानंतर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका प्रकरणात वैमानिकांना कामगार मानणारा निकाल कायम ठेवला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरपासून जुन्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनं घेतली, आणि अटी बदलण्याआधी नोटीस देण्याची तरतूद तिच्यातही आहे. कंपनी दिवाळखोरीत गेली तर हा शब्द आणखी महाग पडतो. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये कामगारांची चोवीस महिन्यांची थकबाकी तारण घेतलेल्या सावकारांच्या बरोबरीनं येते. इतर कर्मचाऱ्यांची बाराच महिन्यांची, तीही त्यांच्यानंतर.

चौथं, थकवा. याची तक्रार या प्रकरणात कुणी केली नाही, म्हणूनच लिहितो. हमी सत्तर तासांची असताना ‘आज झोप झाली नाही, मी उडत नाही’ म्हणणाऱ्याचं फारसं काही बिघडत नसे. हमी चाळीसवर आल्यावर प्रत्येक नाकारलेल्या फेरीचे पैसे जाऊ लागले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कॅप्टनच्या डायरीत सलग रात्रींच्या नोंदी आहेत, आणि काहींपुढे त्यांनी नुसतं ‘डोळे’ एवढंच लिहिलं आहे. रोस्टर नियमांत बसत होतं. पण सुरक्षा विभागाशी कुणी या पगारबदलाबद्दल बोललंच नाही, ना कंपनीतून, ना वैमानिकांतून. हमी कमी करताना निदान थकव्यामुळे नाकारलेली फेरी हमीत मोजली जाईल असं ठरवता आलं असतं, आणि त्याला खर्च फार आला नसता.

कंपनीच्या बाजूनंही एक गोष्ट. वित्तप्रमुखांनी जुलैत दाखवलेले आकडे मार्चमध्येच दाखवले असते, बटणाची चलाखी केली नसती आणि कपातीला तारीख घातली असती, तर त्या चाळीसपैकी बहुतेकांनी दिवाळीपर्यंत आनंदानं नाही तरी समजून कळ काढली असती. निघून गेलेल्यांपैकी तिघांनी मला हे वेगवेगळ्या वेळी सांगितलं. तिघांनाही ५५ आणि ४० चे हिशेब आता नीट आठवत नव्हते. ते बटण मात्र आठवत होतं.